पुण्यात उपासना चालवणाऱ्यांचं एक कोंडाळं कसं जमवावं

रविवारी दुपारी साडेबाराला पुण्यातल्या कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, डोकावून बघा. सगळे बाहेर चहाच्या टेबलाशी असतात आणि आत एक जण खाली बसून माइकच्या वायरी गुंडाळत असतो. मघाशी तोच पुढे उभा राहून दोनशे माणसांना गायला लावत होता. चहा घेताना त्याला दोनच वाक्यं ऐकू येतात. "आज आवाज जरा मोठा होता." "ते जुनं गाणं हल्ली घेत नाही का तुम्ही?" घरी सगळं बरं आहे ना, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. तो गातोय म्हणजे बराच असणार.

मी सतरा वर्षं पेटीमागे बसतेय. एका डिसेंबरात माझा आवाज पूर्ण बसला आणि पुढे कॅरल, लहान मुलांचा कार्यक्रम, नाताळची उपासना आणि ३१ तारखेची रात्र, असे सात कार्यक्रम उभे होते. बदली म्हणून फोन करावा असं शहरात कोणीच नव्हतं. ओळखी पुष्कळ होत्या, पण "मला जमत नाहीये, तू येशील का?" असं ज्याला न लाजता विचारता येईल तो माणूस नव्हता. मी गरम पाण्याच्या गुळण्या करत सातही कार्यक्रम ओढले आणि फेब्रुवारीपर्यंत भोगलं.

त्यानंतर आम्ही काही जण जमायला लागलो. आता चार वर्षं झाली. काय चाललं, काय फसलं ते क्रमाने लिहिते. हे आमच्या अनुभवाचं आहे, तुमच्या भागात थोडं इकडेतिकडे करावं लागेल.

संयुक्त कार्यक्रमाने सुरुवात करू नका

ही पायरी पहिली ठेवलीय, कारण आम्ही नेमकी हीच चूक केली. "सगळ्या वर्शिप लीडरांची एक संध्याकाळ" असा कार्यक्रम ठरला. पाच मंडळ्या, प्रत्येकीला वीस मिनिटं. शेवटची पाळी कोणाची, यावरून तीन आठवडे फोन चालले. एका टीमने स्वतःचा ड्रमसेट आणला आणि दुसऱ्यांना हात लावू दिला नाही. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे, तो सगळ्यांना माहीत होता, तरी चौथ्या टीमने वेळ खाल्ला आणि पाचव्यांना दोन गाण्यांत आवरावं लागलं. ती पाचवी टीम पुढे वर्षभर आमच्याशी नीट बोलत नव्हती.

त्यात वाईट कोणीच नव्हतं. पण स्टेज म्हटलं की माणूस आपोआप तुलना करायला लागतो, आणि ज्याच्याशी तुलना चालू आहे त्याच्यापुढे कोणी रडत नाही. म्हणून पहिलं वर्षभर एकत्र गाऊच नका. ओट्यावर, गॅलरीत, जेवणाच्या टेबलाशी बसा.

आधी पाळकसाहेबांना भेटा

हे टाळलंत तर तिसऱ्या महिन्यात गट मोडेल. पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, मनात एक रास्त भीती असते, की आपली गाणारी पोरं दुसरीकडे जातील. पुण्यात एका रस्त्यावर तीन मंडळ्या असतात, त्यामुळे ही भीती हवेतली नाही.

मेसेज पाठवू नका. समोर जाऊन बसा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. इथे दान गोळा होणार नाही. कुणालाही आपल्या मंडळीत बोलावलं जाणार नाही. या गटाला नाव, लेटरहेड, बॅनर काही नसेल. तिसऱ्या गोष्टीने बहुतेकांचा चेहरा सैल होतो. पाळक असोत, फादर असोत किंवा घरातल्या प्रार्थनासभेचे वडील, सगळ्यांशी बोलणं हेच.

कोणी "नको" म्हटलं तर वाद घालू नका. त्या मंडळीतल्या बहिणीला (मंडळीत सगळे एकमेकांना बहीण-भाऊच म्हणतात) बैठकीला बोलावलं नाही, तरी चहाला बोलावता येतं. आम्ही तेच केलं. दीड वर्षाने त्याच पाळकांनी विचारलं, "तुमचं ते अजून चालू आहे का?"

पाच माणसं पुरतात

पाच ते आठ. नऊ झाले की दोन जण बोलतात आणि सात जण ऐकतात, मग दोन गट करा.

नावं काढताना पुढे गाणाऱ्यांवर थांबू नका. साउंड बघणारा, पडद्यावर शब्द टाकणारी मुलगी, तबल्यावर बसणारे काका, हे तर आणखी एकटे. त्यांची चूक झाली की सगळी मंडळी मान वळवून मागे बघते, आणि बरोबर केलं तर ते आहेत हेही कुणाला कळत नाही.

पंथ वेगळे असू देत, उलट असावेत. एकाच मंडळीतले पाच जण बसले की तासाभरात कमिटीच्या निवडणुकीवर येतात. आमच्यात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या पंथाच्या मंडळीतले दोघे, एक मेथडिस्ट, एक कॅथलिक, एक पेंटेकोस्टल आणि घरगुती सभा चालवणारं एक जोडपं आहे. बाप्तिस्मा पाणी शिंपडून की बुडवून, अन्य भाषांत प्रार्थना करावी की नाही, मारियेचं स्थान, हे विषय दारातल्या चपलांपाशी ठेवायचे असं ठरलेलं आहे. एकदा दोघे विसरले. सव्वा तास गेला आणि चहाही गार झाला.

बायकांना मुद्दाम विचारा. कित्येक मंडळ्यांत बाई गाणी निवडते, सराव घेते, सूर देते, पण "लीडर" म्हणून तिचं नाव घेतलं जात नाही. बोलावणं त्या टीमच्या भावाला जातं आणि तोच येतो.

वार आणि जागा

शनिवारी सराव असतो आणि रविवारी जीव उरत नाही. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत अनेकांना गुरुवारची सुट्टी, पण नेमकी गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीज जाते. आम्ही महिन्याचा दुसरा सोमवार धरला, संध्याकाळी सात ते नऊ. सोमवारी रविवार अजून अंगात असतो, बोलायला काहीतरी असतं.

जागा मेट्रोच्या हिशोबाने बघा. पिंपरी, दापोडीकडून येणारे आणि वनाज किंवा रामवाडीकडून येणारे सिव्हिल कोर्टला गाडी बदलून कुठेही पोचतात. पुणे स्टेशनजवळ कुणाचं घर असेल तर उत्तम, कॅम्प आणि क्वार्टर गेटवाले चालत येतात. वानवडी-कोंढव्याच्या लोकांना दुचाकीशिवाय गत्यंतर नाही, त्यांना परत जाताना सोबत बघून द्या. नऊ म्हणजे नऊ. शेवटची प्रार्थना पावणेनऊला सुरू झाली पाहिजे, नाहीतर "आणखी एक विषय" करत साडेनऊ होतात आणि पुढच्या वेळी बायका येत नाहीत.

चर्चच्या हॉलपेक्षा घर बरं. हॉलमध्ये माणूस लगेच सभेत आल्यासारखा ताठ बसतो. पहिले सहा महिने एकच घर ठेवा, मग फिरवा.

पहिली बैठक

वाद्य आणू नका. मी हे निरोपात तीनदा लिहिलं होतं, तरी एक पोरगा गिटार घेऊन आला. ती बेडरूममध्ये ठेवली.

पहिली वीस मिनिटं नुसता चहा, खारी, कयानी बेकरीची श्रूसबेरी बिस्किटं, जे असेल ते. या वेळात कोणी ओळख करून देत उभं राहत नाही. मग गोल बसून एकच प्रश्न: गेल्या दोन महिन्यांत कोणत्या रविवारी तुम्हाला पुढे उभं राहायचं नव्हतं, आणि तरी राहिलात?

प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधी स्वतः द्यायचं, आणि खरं द्यायचं. मी माझ्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. त्यानंतर जी शांतता पसरते ती मोडू नका. आमच्याकडे ती इतकी लांबली की स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. मग गिटारवाला पोरगा खारीचे कण बोटाने ताटलीत गोळा करत म्हणाला, "पप्पा आयसीयूत होते. मी टाळ्यांचं गाणं घेतलं. सगळे नाचत होते. मी पण." आणि कण गोळा करत राहिला.

इथे गट तरतो किंवा मरतो. आपल्या लोकांना सवय असते की कोणी दुःख सांगितलं की लगेच बायबलमधलं वचन ऐकवायचं. वचन खरं असतं, पण त्या क्षणी ते दार बंद केल्यासारखं लागतं. आमचा नियम असा, की बोलणाऱ्याचं झालं की एक मिनिट कोणीच बोलायचं नाही, आणि त्या रात्री सल्ला द्यायचाच नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून "आता पुरे" म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर खायला उठवलं. तो खाऊन परत झोपला, तर दुसऱ्यांदाही खाणंच. बोलणं पुढे, डोंगरावर गेल्यावर. हा क्रम मला फार आवडतो.

शेवटी प्रार्थना. प्रत्येकाने उजवीकडच्या माणसासाठी, नाव घेऊन, दोन-तीन वाक्यं. लांब प्रार्थना करणाऱ्या भावाला मधोमध बसवा, शेवटी नको.

उत्तेजन म्हणजे नेमकं काय द्यायचं

"मस्त झालं", "आशीर्वादित झालो", "प्रभूने वापरलं" ही वाक्यं ऐकून ऐकून गुळगुळीत झालीत. ती ऐकून कोणाला आधार वाटल्याचं मला आठवत नाही.

आम्ही एक पद्धत धरली. तीन महिन्यांतून एकदा आपल्या मंडळीतून रजा घ्यायची आणि गटातल्या एकाच्या उपासनेत मागच्या बाकावर जाऊन बसायचं. पुढे बोलावलं तरी जायचं नाही. घरी येऊन तीन ओळी लिहायच्या: मी काय पाहिलं, त्याने लोकांचं काय झालं, मी त्यातून काय उचललं. मला आलेल्या तीन ओळी बायबलमध्ये ठेवल्यात: "तिसऱ्या कडव्याला तुम्ही पेटी थांबवलीत. माझ्या शेजारच्या आजी तोवर नुसते ओठ हलवत होत्या, त्या मोठ्याने गायला लागल्या. मी पुढच्या रविवारी की-बोर्ड थांबवून बघणार आहे." या तीन ओळींवर मी सहा महिने काढले.

चूक सांगायची असेल तर ती मागितल्याशिवाय नाही, रविवारी तर नाहीच. मंगळवारनंतर आणि एकट्याला. आणि एका वेळी एकच. "ताल पळतो, शिवाय पट्टी उंच आहे, शिवाय मधे फार बोलता" असं तिन्ही सांगितलंत तर समोरचा एकही दुरुस्त करणार नाही.

पट्टीची एक भाषा ठरवा

हे काम गाण्याचं आहे, पण आमच्यात सगळ्यात जास्त मैत्री यातूनच झाली. पेटीवाले काका म्हणणार "काळी चार", गिटारवाला पोरगा म्हणणार "जी शार्प", आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला संगीत येत नाही. एका कागदावर दोन्ही लिहून फोटो सगळ्यांना द्या. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प.

गिटारवाल्यांना काळ्या पट्ट्या अवघड जातात. त्यांना सांगा, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या घरात लाव आणि सी धर, झाली काळी एक. तिथेच डी धरलास तर काळी दोन, जी म्हणजे काळी चार, ए म्हणजे काळी पाच. उरली काळी तीन, तिला कॅपो दुसऱ्या घरात आणि ई. आमच्या काकांनी हे ऐकलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्या पोराला पुढच्या महिन्यात घरी बोलावून केरवा आणि दादरा शिकवला.

मग एक सामाईक वही करा, वीस गाण्यांची. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ठेका, आणि कोणती कडवी सहसा गाळतात ते. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक बहुतेकांच्या हातात असतं, तिथून सुरुवात सोपी. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, पण त्यांची भजनं आजही आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना अर्धी तरी पाठ असतात आणि ती पेटी-तबल्यावरच बसलेली आहेत. दहा जुनी, पाच नवी मराठी, पाच हिंदी, असं आमचं प्रमाण आहे. तरुणांना हिंदी जास्त हवी होती. त्यावर भांडण झालं, अजून पुरतं मिटलेलं नाही.

पट्टी लिहिताना स्वतःच्या गळ्याकडे बघू नका. गाण्यातला सगळ्यात उंच सूर वरच्या डीच्या पलीकडे गेला की मंडळी गप्प होते आणि पुढे एकट्याचा कार्यक्रम सुरू होतो.

बदलीची पाळी

बायबलमधल्या "पहिला इतिहास" या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात मंदिरात गाणाऱ्यांची यादी आहे. लोक ती कंटाळून सोडून देतात. दोनशे अठ्ठ्याऐंशी निपुण माणसं, चोवीस पाळ्या, प्रत्येकीत बारा, आणि पाळी चिठ्ठ्या टाकून, लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न धरता. आपल्याकडे मात्र बावन्न रविवार एकच माणूस उभा असतो आणि त्याला आपण विश्वासूपणा म्हणतो.

दुसऱ्या वर्षी, गट मुरल्यावर, बदली सुरू करा. प्रत्येकाला वर्षातून निदान चार रविवार सुट्टी, आणि त्यातले दोन तरी गटातल्या कोणी जाऊन भरून काढायचे. पाळकांची परवानगी एक महिना आधी. बदली जाणाऱ्याने त्या मंडळीची गाणी, त्या मंडळीच्या पट्टीत घ्यायची. नवं गाणं शिकवायचं नाही, साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) द्यायची नाही, आपल्या मंडळीचं नाव माइकवर घ्यायचं नाही. प्रवासखर्च गटाच्या डब्यातून. आम्ही दर बैठकीला पन्नास रुपये टाकतो, तेवढ्यात चहा आणि पेट्रोल दोन्ही निघतं. ज्याला पन्नास जड जातात त्याच्यासाठी डबा दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतो.

सुट्टीवरच्या माणसाने त्या रविवारी आपल्या मंडळीत जाऊन "कसं चाललंय" बघायचं नाही. कुटुंबासोबत बाकावर बसा, नाहीतर झोपा. एका भावाला त्याच्या मुलीने विचारलं होतं, "पप्पा, तुम्ही चर्चमध्ये आमच्याजवळ पण बसता?" मुलगी नऊ वर्षांची.

घसा बसला असेल तर गरम पाणी आणि मौन. कुजबुजणंही नको, त्यानेही ताण येतो. तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, "प्रार्थना चालू आहे" म्हणून थांबू नका. बदली आहे म्हटल्यावर थांबायचं कारणही उरत नाही.

व्हॉट्सअॅप

फक्त तारीख, पत्ता, बदलीची विनंती. फॉरवर्ड, रोजचं वचन, स्वतःच्या गाण्याचे व्हिडिओ बंद. कोणी दोन बैठका आलं नाही तर ग्रुपवर विचारायचं नाही, फोन करायचा, आणि फोनवर "का आला नाहीस" म्हणायचं नाही. "काल मिसळ खाताना तुझी आठवण झाली" एवढं पुरतं.

ऐकलेलं कुठपर्यंत पोटात ठेवायचं

घरात बोललेलं घरात. पाळकांनी विचारलं तरी "ते त्याच्याकडूनच ऐका" एवढंच. मंडळीबद्दलच्या तक्रारी निघणारच, त्यांना अर्धा तास द्या, मग विषय बदला, कारण तक्रार ही खारीसारखी असते, एकावर कोणी थांबत नाही.

दोन ठिकाणी हा नियम लागू नाही. कोणी जगणंच नको असं बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि मानसिक आधारासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावून द्या. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि लहान मुलाशी गैरवर्तन झाल्याचं कानावर आलं तर ते गुपित राहत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. "मंडळीची बदनामी होईल" हे वाक्य तिथे चालत नाही.

डिसेंबर आणि जानेवारी

डिसेंबरात बैठक नाही. त्याऐवजी एक डिसेंबरला सगळ्यांचे कार्यक्रम एका कागदावर मांडायचे आणि कोणाच्या कोणत्या आठवड्यात चारपेक्षा जास्त आहेत त्याच्यापुढे खूण करायची. खूण असलेल्याच्या घरी त्या आठवड्यात गटातलं कोणीतरी एक वेळचा डबा पोचवतं. करंज्या-चिवडा नको, त्या घरात तो ढिगाने असतो. साधी भाजी-पोळी.

जानेवारीत सहल. एका वर्षी दौंडकडे जाणारी गाडी धरून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेलो. आधी फोन करून परवानगी घ्या. वाटभर गप्पा होतील असं वाटलं होतं, पण गाडी हडपसर सोडायच्या आत आठातले सहा जण झोपले होते. तबल्यावाले काका खिडकीशी जागे होते. कोणाचं डोकं कोणाच्या खांद्यावर आहे ते बघून ते हळूच म्हणाले, "उठवू नका, केडगाव आलं की मी सांगतो."